एक इंग्रजी शब्द नीट कसा शिकावा? ‘टॉवेल’ घेऊन बघू

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कुणालाही विचारा, इंग्रजी येतं का. ‘‘कुठलं ओ मालक, आम्ही मराठी मीडियमवाले,’’ असंच उत्तर मिळणार. आणि पुढच्या पाच मिनिटांत तोच माणूस बीम, पाइल, पिक, जकार्ड, जीएसएम, पॉवरलूम, पॅकिंग, लोडिंग असे डझनभर शब्द बिनधास्त वापरणार. शब्दांची वानवा नाहीच. अडतं ते बाहेरच्या बायरशी फोनवर बोलताना. आपण म्हणतो तो शब्द त्याला ओळखू येत नाही, आणि तो म्हणतो तो शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो, पण अर्थ भलताच निघतो.

हा लेख नव्या मंडळींसाठी आहे. कारखान्याच्या ऑफिसात नुकते लागलेले, मेल लिहायला बसवलेले, किंवा बारावीपर्यंत मराठीत शिकून आता एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेले. एका शब्दाचा उच्चार, अर्थ आणि मूळ आपलं आपण कसं शोधायचं, हे पायरीपायरीने सांगतो. ‘रोज दहा शब्द पाठ करा’ हा सल्ला मला पटत नाही. त्याने शब्दाला एक मराठी प्रतिशब्द चिकटतो आणि आठवड्याभरात तोही सुटून पडतो. त्यापेक्षा आठवड्याला एक शब्द घ्या, पण पार मुळापर्यंत जा. सोलापुरात पहिला शब्द कुठला घ्यायचा हे काय सांगायला हवं? टॉवेल. सोलापुरी चादरीइतकंच इथल्या टेरी, म्हणजे लूप काढलेल्या, टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि घराघरात तो रोज हाताळला जातो.

सामान फार लागत नाही. मोबाइल, इयरफोन, एक वही. ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टर हे तिन्ही शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत आणि तिन्हींत उच्चार ऐकता येतो. मुळासाठी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी नावाची साइट आहे, तीही फुकट. भाषांतराचं अ‍ॅप मात्र या कामाला लावू नका. त्यात हा शब्द टाकला तर उत्तर येतं ‘टॉवेल’. संपलं.

पायरी १ : आधी स्वतःकडचं लिहून काढा

शब्दकोश उघडण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. मी हा शब्द कसा उच्चारतो, कशासाठी वापरतो, आणि त्याच्या आसपासचे शब्द माझ्याकडे कुठले आहेत. टॉवेलच्या आसपास पंचा आहे, नॅपकिन आहे, उपरणं आहे, अंगपुसणं आहे, टर्किश टॉवेल आहे. शिवाय लग्नातली ‘टॉवेल-टोपी’ आहे, जिचा अंग पुसण्याशी काही संबंध नाही. ही यादी पुढे उपयोगी पडते, कारण इंग्रजी शब्दाची हद्द आणि आपल्या शब्दाची हद्द कुठे जुळत नाही हे तिच्यावरूनच कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण टाळतात.

पायरी २ : स्पेलिंग टाका आणि शब्दाच्या डोक्यावरचा आकडा बघा

टी, ओ, डब्ल्यू, ई, एल. शब्दकोशात नोंद उघडली की शब्दाच्या शेजारी, किंचित वर, बारीक आकडा आहे का ते पाहा. ऑक्सफर्डच्या कोशात टॉवेलला नाही. म्हणजे हे स्पेलिंग असलेला शब्द एकच आहे, पुढे चला.

पण हाच प्रयोग ‘पाइल’वर करा. आपल्याकडे टॉवेलवरच्या उभ्या फुलीला, म्हणजे त्या लूपच्या थराला पाइल म्हणतात. मोठ्या कोशात पी, आय, एल, ई या स्पेलिंगच्या एकापेक्षा जास्त नोंदी सापडतील, १, २, ३ असे आकडे लावलेल्या. रास किंवा ढीग अशा अर्थाचा पाइल लॅटिनमधल्या खांबाच्या शब्दावरून, ‘पिला’वरून आला. पुलाच्या पायासाठी जमिनीत ठोकतात तो पाइल भाल्याच्या शब्दावरून, ‘पिलुम’वरून. कापडावरचा पाइल केसाच्या शब्दावरून, ‘पिलुस’वरून. केस काढायच्या क्रीमला इंग्रजीत डेपिलेटरी म्हणतात, तिच्यातही हाच केस आहे. आणि दवाखान्याच्या पाटीवरचं पाइल्स बहुधा चेंडूच्या अर्थाच्या शब्दावरून. वेगवेगळ्या घरांतले शब्द, योगायोगाने एका स्पेलिंगला येऊन बसलेले. त्यामुळे टॉवेलची ऑर्डर वाचताना ‘लो पाइल’ दिसलं तर ‘छोटा ढीग’ असा अर्थ लावून चालणार नाही. त्याला आखूड लूप हवेत. आकडा न बघता पहिल्याच नोंदीत शिरणं ही नवख्यांची नेहमीची घाई.

कानालाही अशीच फसगत होते. सोलापूरला ‘मार्शल लॉ’ (लष्करी अंमल) हे शब्द १९३० साली इंग्रजांनी तो इथे लावला तेव्हापासून पाठ आहेत. ज्यांना त्यांचं स्पेलिंग येत नाही त्यांनाही. त्यातला मार्शल म्हणजे युद्धाचा, लष्करी. तो रोमन युद्धदेव मार्सच्या नावावरून आला. फील्ड मार्शल या पदातला मार्शल उच्चाराला हुबेहूब तसाच, पण स्पेलिंग वेगळं आणि कूळही वेगळं. तो जुन्या जर्मानिक भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा नोकर. मोतद्दाराचा सेनापती झाला. म्हणून ऐकलेला शब्द शोधताना स्पेलिंगची खात्री आधी.

पायरी ३ : उच्चार, आधी कानाने आणि मग डोळ्याने

इथे जरा थांबू, कारण टॉवेलचं खरं दुखणं इथेच आहे.

शब्दकोशात शब्दाजवळ स्पीकरची दोन चिन्हं असतात, एक ब्रिटिश आवाजाचं, एक अमेरिकन. इयरफोन लावा आणि स्क्रीनकडे न बघता पाच-सहा वेळा ऐका. स्पेलिंग समोर असलं की कान डोळ्याचं ऐकतात. न बघता ऐकलं तर लगेच ध्यानात येतं की यात ‘व’ नाहीच. इंग्रज माणूस म्हणतो ‘टाउ-अल’, आणि घाईत ‘टाउल’. घुबडाला इंग्रजीत काय म्हणतात? आउल. त्याच्या आधी ट लावा. झालं.

आता डोळे उघडा आणि तिरप्या रेघांमध्ये लिहिलेली उच्चाराची खूण वाचा. सुरुवातीला वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ दिसेल. ही आघाताची खूण, तिच्या लगेच पुढचा अवयव, म्हणजे शब्दाचा तुकडा, जोराने म्हणायचा. मग टी. मग ए आणि त्याला चिकटून खालून गोल, वरून उघडं असं एक अक्षर. हे दोन्ही मिळून ‘आउ’. त्यानंतर उलटा ठेवलेला ई. या उलट्या ईची भीती बाळगू नका, तो जवळजवळ आपला ‘अ’च आहे, कमलमधल्या मधल्या ‘म’मधला. शेवटी एल. उलटा ई कंसात असेल तर त्याचा अर्थ ‘म्हटला तरी चालेल, गाळला तरी चालेल’. मेरियम-वेबस्टरच्या खुणा याहून वेगळ्या आहेत, त्यांनी स्वतःची पद्धत ठेवली आहे. नवख्याने एकच कोश धरावा आणि त्याच्याच खुणा शिकाव्यात.

मग आपल्याकडे ‘टॉवेल’ आला कुठून? डोळ्यातून. ओ वाचला, डब्ल्यूचा व केला, ई-एलचं एल केलं. गंमत अशी, की ‘आउ’ हा आवाज आपल्याला जड जात नाही. अकाउंट, काउंटर, पाउंड, राउंड आपण बरोबर म्हणतो, कारण तिथे स्पेलिंगमध्ये ओ-यू आहे. टाउन, ब्राउन, क्राउनही बरोबर म्हणतो, कारण तिथे डब्ल्यूच्या पुढे लगेच व्यंजन आहे. डब्ल्यूच्या पुढे ई आला की मात्र आपली जीभ ‘व’वर जाते: टॉवेल, टॉवर, शॉवर, फ्लॉवर आणि आपला रोजचा पॉवरलूम. इंग्रजीत हे सगळे टाउअल, टाउअर, शाउअर, फ्लाउअर, पाउअरलूम. स्वराला म्हणतात तो व्हॉवेलही खरा व्हाउअल, आणि गवंड्याच्या थापीला म्हणतात तो ट्राउअल. एका शब्दाचा उच्चार सुधारायला बसलात आणि सात-आठ सुधारले. याचसाठी मी एकच शब्द खोलवर घ्या म्हणतो.

जाता जाता, पीठ या अर्थाचा फ्लाउअर आणि फूल या अर्थाचा फ्लाउअर उच्चाराला सारखे आहेत, आणि पाइलसारखे परके नाहीत. ते मुळात एकच शब्द. गव्हातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे गव्हाचं ‘फूल’, म्हणून पीठ. स्पेलिंग नंतर वेगळं झालं.

मात्र ही युक्ती आंधळेपणाने लावू नका. ओ-डब्ल्यूचा उच्चार कधी ‘ओ’ही होतो. स्लो, शो, विंडो, लोअर. शाउअर आणि लोअर यांचं शेपूट सारखंच दिसतं, पण उच्चार वेगळे. इंग्रजी स्पेलिंगला फार नियम चिकटत नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या शब्दाला स्पीकर दाबायचाच.

आणखी दोन बारकावे आहेत. इंग्रजी टी आपल्या ट सारखा जीभ वळवून म्हणत नाहीत. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लागतं आणि बरोबर थोडी हवा सुटते. ओठांसमोर पातळ कागद धरा. त्यांच्या टीला कागद हलतो, आपल्या ट ला हलत नाही. म्हणून आपल्या कानाला तो ट आणि ठ यांच्या मधला कुठला तरी वाटतो. शेवटचा एलही जरा जाड असतो, जिभेचा मागचा भाग उचलून म्हटलेला. त्याला ळ समजू नका, इंग्रजीत ळ नाही. पण खरं सांगायचं तर या दोन गोष्टींमुळे कुणाचं अडत नाही. ‘व’ तेवढा काढा, बाकी सोलापुरी राहू द्या. फोनवर समोरच्याला शब्द कळणं महत्त्वाचं, बीबीसीवर बातम्या वाचायला बसायचं नाही.

आणि मराठीत बोलताना ‘टॉवेल’च म्हणा. नवी पेठेतल्या दुकानात जाऊन ‘‘मालक, एक टाउल दाखवा’’ म्हटलंत तर दुकानदार आधी तुम्हाला बघेल. टॉवेल हा आता मराठी शब्द आहे. आपण ‘टॉवेलने पुसतो’, ‘टॉवेलात गुंडाळतो’, त्याला आपले प्रत्यय लागतात. इंग्रजी वाक्यात इंग्रजी उच्चार, मराठी वाक्यात मराठी.

एकाच आवाजावर विसंबायचं नसेल तर यूग्लिश नावाची साइट आहे. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंतले नेमके तेवढे तुकडे एकामागून एक ऐकवते. कोशातला आवाज सावकाश आणि स्वच्छ असतो, खऱ्या बोलण्यात शब्द कसा चेपला जातो ते इथे कळतं.

पायरी ४ : अर्थ वाचा, आणि हद्द आखा

कोशात अर्थ सोपा दिला आहे. अंग किंवा वस्तू पुसून कोरडी करण्यासाठीचा, पाणी शोषणाऱ्या कापडाचा किंवा कागदाचा तुकडा. ‘किंवा कागदाचा’ हे शब्द निसटू देऊ नका. आपण पेपर नॅपकिन म्हणून जे काही पुसायला घेतो त्यातलं बरंचसं तिकडे पेपर टाउल असतं. पण खरी मजा जोडशब्दांत आहे, कारण ऑर्डर त्यांच्यातच येते.

समजा तुम्ही ऑफिसात नवे आहात आणि परदेशी बायरचा मेल आला. यादीत पहिलं नाव ‘बाथ शीट’. शीट म्हणजे चादर, असं म्हणून तुम्ही चादरीचे भाव पाठवाल. बाथ शीट ही चादर नव्हे. बाथ टाउलपेक्षा मोठा, अंगाभोवती पुरता गुंडाळता येईल असा टॉवेलच तो. दुसरं नाव ‘टी टाउल’. त्याचा चहाशी संबंध नावापुरता. धुतलेली भांडी पुसायचं पातळ सुती किंवा लिननचं फडकं म्हणजे ब्रिटिशांचा टी टाउल, अमेरिकेत त्यालाच डिश टाउल म्हणतात. तिसरं ‘फ्लॅनल’. आपल्याकडे फ्लॅनल म्हणजे मऊ ऊबदार कापड, पण ब्रिटिश न्हाणीघरात फ्लॅनल म्हणजे तोंड-अंग धुवायचा छोटा चौकोनी टॉवेल, ज्याला अमेरिकन लोक वॉशक्लॉथ म्हणतात. आणि ‘सॅनिटरी टाउल’ हा ब्रिटनमध्ये पाळीच्या पॅडसाठीचा शब्द. तो टॉवेलच्या कारखान्याकडे मागायची वस्तू नाही.

सगळ्यात मोठा घोळ नॅपकिनचा. सोलापुरात ‘टॉवेल-नॅपकिन’ ही जोडी आहे: मोठा तो टॉवेल, बेसिनजवळ लटकवायचा छोटा तो नॅपकिन. इंग्रजीत त्या छोट्याला हँड टाउल म्हणतात. नॅपकिन म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचं कापड किंवा कागद, आणि ब्रिटनमध्ये तान्ह्या बाळाला बांधायच्या लंगोटाला म्हणतात ती नॅपी याच शब्दाचं आखूड रूप. तुम्ही मेलमध्ये ‘आमच्याकडे उत्तम टेरी नॅपकिन मिळतात’ लिहिलं, तर वाचणाऱ्यापुढे जेवणाचं टेबल उभं राहतं, किंवा पाळणा. पत्रात हँड टाउल लिहा आणि शेजारी सेंटिमीटरमध्ये माप द्या. मापाला उच्चार लागत नाही.

उलट बाजूनेही हद्द आखा. आपल्या ‘टॉवेल-टोपी’चा अर्थ कुठल्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. लग्नात व्याह्याला, गावात पाहुण्याला टॉवेल-टोपी देणं हा मान आहे. तो इंग्रजीत सांगायचा झाला तर शब्दाला शब्द ठेवून चालणार नाही, मान म्हणून दिला हे वेगळ्या वाक्यात सांगावं लागेल.

वाक्प्रचार एकच पुरे. इंग्रजीत ‘टाउल आत फेकला’ म्हणजे हात टेकले, हार मानली. मुष्टियुद्धात आपल्या गड्याला फार मार बसतोय असं दिसलं की त्याच्या बाजूची माणसं रिंगणात टॉवेल फेकून लढत सोडतात, त्यावरून. त्याआधी यासाठी स्पंज वर फेकत, म्हणून जुन्या लिखाणात स्पंजवरून तसाच प्रयोग सापडतो.

पायरी ५ : शब्दाची बाकीची रूपं

हे लवकर उरकतं. टाउल नाम आहे तसं क्रियापदही आहे: टॉवेलने पुसणं. टॉवेलसाठी विणलेल्या कापडाला टाउलिंग म्हणतात. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये इथे दोन एल, अमेरिकन स्पेलिंगमध्ये एक. माल कुठल्या देशात चाललाय ते बघून लेबल छापा, आणि एकाच लेबलवर दोन्ही पद्धती नकोत. जुन्या बोलीत टाउलिंगचा अर्थ चोप देणं असाही होता.

पायरी ६ : मूळ

कोशातल्या नोंदीच्या तळाशी ‘ओरिजिन’ किंवा तशा नावाचा भाग असतो. त्यात आखूड अक्षरं भरलेली असतात. एम-ई म्हणजे मिडल इंग्लिश, साधारण १२व्या ते १५व्या शतकातली इंग्रजी. ओ-एफ म्हणजे जुनी फ्रेंच. ओ-ई म्हणजे त्याआधीची जुनी इंग्रजी. एखाद्या शब्दाआधी तारा असेल तर त्याचा अर्थ तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, बहीणभाषांतल्या रूपांवरून अभ्यासकांनी मागे जाऊन बांधला आहे. ही नोंद उलट दिशेने वाचायची, आजकडून मागे.

टाउल इंग्रजीत १३व्या शतकात दिसतो. तो आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘तोआय’सारख्या शब्दावरून. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, स्वयंपाकघर, कपडे यांतले फ्रेंच शब्द इंग्रजीत लोंढ्याने आले, त्यांतला हा एक. पण फ्रेंचांनी तो लॅटिनकडून घेतलेला नाही. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी त्या प्रदेशावर राज्य केलं, त्यांच्या भाषेतून तो फ्रेंचमध्ये शिरला, आणि त्याच्या मुळाशी ‘धुणं’ या अर्थाचं जर्मानिक क्रियापद आहे. म्हणजे टॉवेल मुळात पुसायचं नव्हे, धुण्याच्या वेळचं कापड. इंग्रजीकडे त्याच क्रियापदाचं स्वतःचं रूप होतं, ते जुन्या इंग्रजीनंतर मेलं. घरचा शब्द गेला आणि त्याच घराण्यातला दुसरा फ्रान्सला वळसा घालून परत आला.

त्याची भावंडं बघा. इटालियनमध्ये ‘तोवाल्या’ म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड. डच भाषेत ‘ड्वाइल’ म्हणजे फरशी पुसायचं फडकं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये मात्र तो अंग पुसण्यालाच राहिला, आणि पोर्तुगीजांचा ‘तोआल्या’ आपल्या किनाऱ्यावर उतरला. हिंदीतला तौलिया त्याच्यापासूनच. कोकणीत तुवालो. कन्नडमध्ये टुवालु, तेलुगूत तुवालु.

आता सोलापूरच्या पूर्व भागात चला. पद्मशाली विणकरांच्या घरी मायबोली तेलुगू, बाहेर मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड, मोहल्ल्यात दख्खनी. त्या एका गल्लीत तुवालु, टुवालु, तौलिया आणि टॉवेल असे चार शब्द एकाच कापडासाठी फिरतात. पहिले तीन पोर्तुगीज जहाजांतून आले, चौथा इंग्रजांकडून, आणि चौघांचा पणजोबा एकच. पोर्तुगीज आणि इंग्रज एकमेकांच्या वाटेत आडवे आले, पण शब्द दोघांनी एकाच घरातला आणून दिला. माझ्या मते सोलापूरकराने या शब्दाचं मूळ शोधावं ते एवढ्यासाठी. चार भाषांच्या शहरात कोशातला तळाचा तो बारीक भाग वाचायला हाताशी शेजारी असतात. तुमच्या ओळखीतल्या तेलुगू आजींना विचारा, त्या काय म्हणतात. कोशात नसलेला उच्चार मिळेल.

‘टर्किश’ का, हेही इथेच उरकू. लूप काढलेला टॉवेल तुर्कस्तानात हाताने विणत. हेन्री क्रिस्टी नावाच्या इंग्रज प्रवाशाने तिथला नमुना इंग्लंडला नेला, त्याच्या घरच्या कारखान्यात तो यंत्रावर विणायची सोय झाली आणि १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला गेला. आपल्या मागावर आजही तत्त्व तेच आहे. दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एक घट्ट ताणलेला, एक सैल. पहिले दोन बाणे (आडवे धागे) फणी कापडापासून थोडे अलीकडेच सोडते, तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकून पुढे नेते, आणि त्या ठोक्यात सैल ताण्याचा धागा वर उचलून लूप बनतो. कधी कारखान्यात गेलात तर फणीकडे बघा, तिचा तिसरा ठोका वेगळा दिसतो.

आणि ‘टेरी’? ऑक्सफर्डच्या कोशात त्याच्यापुढे मूळ अज्ञात असं लिहिलं आहे. मेरियम-वेबस्टर ‘कदाचित’ म्हणून ‘ओढलेला’ या अर्थाच्या फ्रेंच ‘तिरे’कडे बोट दाखवतं. लूप ओढून काढतात म्हणून अर्थ जुळतो खरा, पण ‘कदाचित’ वाचलं की वहीतही ‘कदाचित’ असंच लिहायचं. कोशकार जिथे थांबले तिथे आपण उडी मारायची नाही.

पायरी ७ : व्हॉट्सअ‍ॅपवरची मुळं गाळून घ्या

शब्दांची मुळं म्हटलं की ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस पडतो. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं. हॉटेलातली टिप म्हणजे अमुक तीन शब्दांची आद्याक्षरं. दोन्ही खोटं. न्यूज हे ‘नवीन’ या अर्थाच्या न्यू शब्दाचं अनेकवचन, ‘नव्या गोष्टी’. एक सोपी चाळणी लक्षात ठेवा. आद्याक्षरं जुळवून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः २०व्या शतकातली आहे. शब्द त्याहून शे-दोनशे वर्षं जुना असेल आणि कुणी आद्याक्षरांची गोष्ट सांगत असेल, तर ती नंतर कुणीतरी रचलेली समजा.

दुसरी चाळणी संस्कृतची. एखादा हुशार म्हणेल, तोय म्हणजे पाणी, पाणी टिपतो म्हणून तोय-वेल, टॉवेल. ऐकायला झकास. पण मधली रूपं कुठे आहेत? तो शब्द भारतातून फ्रान्सला कुठल्या वाटेने, कुणाबरोबर, कधी गेला? वाट दाखवता येत नसेल तर नुसत्या आवाजाच्या सारखेपणाला किंमत नाही. वाट दाखवता येते तिथे आपला हक्क बिनदिक्कत सांगा. इंग्रजीतला डंगरी हा जाड कापडाचा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला, बंडाना बांधणीच्या कुळातला, चिंट्झ आपल्या छीटवरून, कॉट खाटेवरून. व्यापाराबरोबर गेलेले शब्द आहेत, त्यांचे कागद सापडतात. आणि द्वार-डोअर, नाम-नेम या जोड्या तिसऱ्याच प्रकारच्या. तिथे कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, दोन्ही भाषा एका प्राचीन भाषेच्या लेकी आहेत.

शंका उरलीच तर एखाद्या मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात जाऊन ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा जाड खंड मागा. पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी भाग-भाग करून निघाली. तिची खुबी अशी की प्रत्येक अर्थासाठी जुन्या पुस्तकांतली, पत्रांतली वाक्यं सालासकट दिली आहेत. कुठला अर्थ आधीचा आणि कुठला नंतरचा, याचा वाद तिथे मिटतो.

वहीत आता एका पानावर काय असावं? वर शब्द, खाली देवनागरीत इंग्रजी उच्चार आणि आघाताच्या अवयवाखाली रेघ, मग एक स्वतःचं इंग्रजी वाक्य, मग आपल्या शब्दाशी हद्द कुठे जुळत नाही ते, आणि शेवटी मुळाची वाट बाण काढून. वाक्य कोशातलं उतरवू नका. तुमच्या कामातलं, उद्या मेलमध्ये लिहिता येईल असं लिहा.

पुढच्या आठवड्याला नॅपकिन घ्या. त्याच्या मुळाशी कापडाचा लॅटिन शब्द ‘मप्पा’ आहे, आणि भिंतीवरचा मॅपही तिथूनच निघतो. एप्रन त्याच घरातला, त्याचा सुरुवातीचा न आधीच्या अ ने पळवला. तो कसा, ते शोधून काढा. त्यानंतर लूम, ज्याचा जुना अर्थ नुसतं ‘हत्यार, अवजार’ एवढाच होता, आणि मग शटल. मागावरचा धोटा, बॅडमिंटनचं फूल आणि विमानतळावरची शटल बस यांच्यात नातं आहे की पाइलसारखा नुसता योगायोग, हे कोशाच्या डोक्यावरचे आकडे बघून तुम्हीच ठरवा.